एकच गळा, अनेक पात्रे

बग्ज बनी हा ससा आणि डॅफी हे बदक तुम्ही पडद्यावर पाहिले असेल. या दोघांचा आवाज अनेक वर्षे एकाच माणसाचा होता, हे तुम्हांला माहीत आहे काय? त्याचे नाव मेल ब्लँक. 1927 च्या सुमारास तो अमेरिकेत रेडिओवर बोलू लागला आणि 1937 मध्ये व्यंगचित्रपटांकडे वळला. डोनाल्ड डकला 1934 पासून आवाज देणारा क्लॅरेन्स नॅश हाही रेडिओवरूनच आलेला.

यात नवल नाही. रेडिओवर चेहरा दिसत नाही. पात्राचे वय, आकार, स्वभाव सारे आवाजातूनच उभे करावे लागते. आपल्याकडे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील बाळ कुडतरकर यांनी ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भाऊजी असेच केवळ आवाजातून घरोघरी पोचविले. पण एकाच गळ्यातून इतके आवाज निघतात कसे?

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसांतील हवेने ते कंप पावतात. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात ही कंपने सेकंदाला सुमारे 100 ते 130, तर स्त्रीच्या बोलण्यात सुमारे 200 असतात. स्वरतंतू ताणले की स्वर चढतो.

मात्र एवढ्याने पात्र बदलत नाही. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत हवेची एक नळी असते. तिचे काम समजून घ्यायला प्रयोगशाळा नको. बारामतीत असा की इंदापुरात, नळाखाली घागर भरताना कान द्या. पाणी वर येते, हवेचा स्तंभ आखूड होतो आणि आवाज चढत जातो. तोंडाची नळीही अशीच एका टोकाला बंद मानता येते. प्रौढ पुरुषात तिची लांबी सुमारे 17.5 सेंटिमीटर असते. आतील उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 350 मीटर धरला, तर पहिले संस्पंदन 35000 ÷ (4 × 17.5) = 500 हर्ट्झ इतके येते. त्यापुढची 1500 आणि 2500 हर्ट्झला. लहान मुलाची नळी आखूड, म्हणून ही संस्पंदने वरची.

आता एकाच सुरात ‘आ’ म्हणा. प्रथम ओठ फाकवून, मग पुढे काढून. सूर तोच, पण माणूस वेगळा वाटेल! ओठ पुढे काढले की नळी लांबते, फाकवले की आखूड होते. नंतर कुजबुजत ‘आ’ आणि ‘ई’ म्हणा. स्वरतंतू कंप पावत नाहीत, तरी दोन्ही अक्षरे ओळखू येतात. ही जिभेने बदललेल्या नळीची करामत. नॅश तर याही पुढे गेला. डोनाल्डचा आवाज तो स्वरतंतूंनी काढीतच नसे. गालात कोंडलेल्या हवेने काढी.

डॅफीसाठी यंत्राचीही मदत घेतली जाई. ध्वनिमुद्रण मूळ गतीपेक्षा जलद वाजविले की सर्व कंपने त्याच पटीत वाढतात. गती दुप्पट केली, तर 17.5 सेंटिमीटरची नळी कानाला 8.75 सेंटिमीटरची भासते. म्हणून तो आवाज चिमुकल्या प्राण्याचा वाटतो.

हे सारे तुमच्याही गळ्यात घडत असते. साधारण बारा ते सोळा या वयात मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींचा आवाजही थोडा उतरतो. नव्या तंतूंवर ताबा येईपर्यंत आवाज मध्येच चिरकतो. वर्ग हसतो आणि पुष्कळ मुले तेव्हापासून उभे राहून वाचणेच सोडतात. शिक्षकांनी हे होऊ देऊ नये. तो दोष नसून वाढ आहे, आणि बहुधा काही महिन्यांत आवाज स्थिरावतो. ओरडून मात्र गळा ताणू नका.

बारामतीत ‘वसुंधरा वाहिनी’ आणि ‘शारदा कृषी वाहिनी’ ही सामुदायिक रेडिओ केंद्रे या शतकात सुरू झाली. गावच्या माणसांनी आपल्या बोलीत बोलावे, हाच अशा केंद्रांचा हेतू असतो. तेव्हा उद्या वर्गात धडा वाचायची पाळी आली, तर मागे राहू नका. म्हातारा, पोर आणि पोपट यांचे संवाद तीन निरनिराळ्या आवाजांत वाचून पाहा, आणि प्रत्येक वेळी तंतू बदलला की नळी, हे स्वतःच ओळखा.