वृद्धांच्या सोयी : पायरी, अंगठा आणि दांडा

पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आहे. दवाखान्यासाठी वा बँकेच्या कामासाठी तालुक्याचे गाव गाठावे लागणाऱ्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वृद्धांना हा मोठाच दिलासा होय. परंतु जंगलपट्टीतील थांब्यांवर गाडी बहुधा रस्त्याच्या कडेला, उतारावरच उभी राहते आणि पहिली पायरी म्हाताऱ्या गुडघ्याला झेपत नाही. तिकीट माफ झाले, पायरी मात्र होती तेथेच राहिली. थांब्यावर दगडमुरमाचा वीतभर उंच ओटा घालणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही.

अंगठ्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. येथील वृद्धांचे आयुष्य मोहफुले वेचण्यात, तेंदूपत्ता तोडण्यात, बांबू फोडण्यात गेलेले असते. अशा कष्टांनी बोटांवरील रेषा झिजतात; वयोमानाने कातडीही कोरडी पडते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे दरमहा १,५०० रुपये काढावयास गेल्यावर यंत्र नेमक्या त्याच रेषा मागते. तीनतीनदा अंगठा टेकवून रिकाम्या हाताने परतणारी आजी पाहिली म्हणजे दोष तिच्या अंगठ्याचा नसून यंत्र योजणाऱ्याचा आहे, हे ध्यानी येते. वास्तविक, आधारची ओळख बुबुळावरून व चेहऱ्यावरूनही पटविता येते. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्याची ओळख स्वीकारली. गावात येणाऱ्या बँक प्रतिनिधीकडे अशी सोय आहे काय, हे ग्रामसभेत अवश्य विचारले जावे. तोवर बोटे धुऊन, पुसून पाहावे. अंगठा न जुळल्यास दुसरे बोट टेकवावे. आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

साहाय्यक साधनांसाठी २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना एकरकमी ३,००० रुपये मिळतात. मात्र फरशीवर उत्तम चालणारा वॉकर पावसाळ्यातील अंगणात रुततो, हे खरेदीपूर्वी पाहिलेले बरे.

काही साधने तर गावातच होऊ शकतात. शौचालयात उठता-बसता धरावयास बांबूचा दांडा पुरतो. चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे; गावोगावी बुरूड कारागीर आहेत. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरविलेला बांबू किडीपासून बचावतो. दांड्याची उंची मात्र घरी बसून ठरवू नये. ज्या आजोबांसाठी तो बसवावयाचा, त्यांना तेथे बसवून, उठताना त्यांचा हात आपसूक जेथे जाईल तेथे भिंतीवर खूण करावी.