बडतर्फ कॅमेऱ्यांची पुनर्नेमणूक

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे डिजिटल कॅमेरे पुन्हा हाती घेण्याची हौस हल्ली वाढीस लागली आहे. त्या हौसेमागचे शास्त्र, तिच्या मर्यादा आणि कोल्हापूरच्या उजेडात तिचा होणारा उपयोग यांविषयी.

यंत्राची सेवानिवृत्ती दोन प्रकारे घडते. एक तर त्याचे दाते झिजतात, कमान तुटते आणि ते खरोखरच निरुपयोगी होते. किंवा त्याच्या अंगी कोणताही नवा दोष उत्पन्न झालेला नसताना, केवळ त्याहून चपळ असे दुसरे यंत्र बाजारात अवतरल्यामुळे, एका अलिखित फर्मानाने ते बडतर्फ होते. २००० ते २०१० या दशकात मध्यमवर्गीय घरांत मोठ्या कौतुकाने आलेले, बारशी, मुंजी, पन्हाळ्याच्या सहली आणि जोतिबाचे खेटे इमानेइतबारे टिपणारे आणि मोबाईलच्या आगमनानंतर चार्जरसह कपाटाच्या खणात रवाना झालेले डिजिटल कॅमेरे या दुसऱ्या वर्गातले होत. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली जगभरच्या बाजारांत १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे गेले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला. असे असूनही, ज्यांच्या बालपणी हे कॅमेरे नवे होते तीच पिढी आज ते खणातून बाहेर काढीत आहे.

कोल्हापूरकराला तरी या गोष्टीचे नवल वाटू नये. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी चलच्चित्राचा कॅमेरा विलायतेहून आणण्याऐवजी याच गावात घडवण्याचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव अकाली निवर्तले, तरी बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९१८ पर्यंत ते काम तडीस नेले, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. खरी कॉर्नरला उभा असलेला कॅमेरा मानस्तंभ हा त्या खटपटीचा गौरव आहे. ज्या गावाने कॅमेऱ्याचा असा सन्मान केला, त्याने तरी यंत्राची योग्यता त्याच्या निर्मितीच्या सालावरून ठरवू नये.

ठिपक्यांचा जमाखर्च

डिजिटल छायाचित्राचे मूळ बेल प्रयोगशाळेत आहे. तेथे १९६९ साली विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नामक अर्धवाहक पट्टिका कल्पिली, आणि तिच्याबद्दल ४० वर्षांनी, म्हणजे २००९ साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने ती पट्टिका वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते, चित्र अवघ्या १०,००० ठिपक्यांचे व कृष्णधवल होते, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. ज्या कंपनीच्या दप्तरी या शोधाची पहिली नोंद झाली, तिनेच २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा, हा दैवदुर्विलास नवीन-जुने या वादात ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

सीसीडीची कार्यपद्धती मोठी शिस्तबद्ध आहे. पट्टिकेवरील प्रत्येक सूक्ष्म घरात प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत्भार साठतो, आणि आग विझवण्यासाठी विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागून बादल्या हातोहात पुढे जाव्यात, तसा तो भार एका घरातून शेजारच्या घरात सरकत अखेर कडेच्या मोजणीपर्यंत पोहोचतो. पुढे आलेल्या सीमॉस पट्टिकेत मोजणीची प्राथमिक व्यवस्था प्रत्येक घरातच केलेली असते. त्यामुळे वीज कमी लागते, वेग वाढतो आणि चलच्चित्रण सुलभ होते. या सोयींपुढे सीसीडी मागे पडली, आणि २०१५ साली सोनीने तिचे उत्पादन क्रमशः बंद करण्याचे जाहीर केले.

जुन्या कॅमेऱ्यांच्या चाहत्यांत सीसीडीच्या रंगांविषयी जवळजवळ भक्तिभाव आढळतो. त्याची थोडी छाननी करणे इष्ट आहे. दोन्ही पट्टिका स्वभावतः रंगांध असतात. रंग येतो तो घरांवर बसवलेल्या लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांमुळे. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी आखलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या या मांडणीत निम्मी घरे हिरव्या रंगाची असतात. नंतर त्या नोंदींचे चित्र कसे बनवायचे, हे कॅमेऱ्यातील आज्ञावली ठरवते. त्या काळच्या कॅमेऱ्यांचे रंग आपल्याला आवडत असतील, तर त्याचे श्रेय गाळण्या निवडणाऱ्या व ती आज्ञावली लिहिणाऱ्या तंत्रज्ञांच्या अभिरुचीला अधिक आहे. पट्टिकेच्या जातीला कमी.

खरा भेद निराळाच आहे. आजचा मोबाईल एका दाबासरशी बहुधा अनेक चित्रे घेतो, त्यांतील उजळ भाग एकातून व काळोखे भाग दुसऱ्यातून उचलतो, आकाश आणि चेहरा वेगवेगळे ओळखून त्यांवर निरनिराळे संस्कार करतो, आणि जे दृश्य आपण पाहिले त्यापेक्षा अधिक समंजस असे दृश्य आपल्या हाती ठेवतो. जुना कॅमेरा एकाच क्षणाचा प्रकाश घेतो आणि त्याची जी काही न्यूनाधिकता असेल ती तशीच पुढे करतो. तो अधिक चांगले चित्र काढतो असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. परंतु प्रकाशाचा जो हिशेब मोबाईलने परस्पर मिटवला होता, तो जुना कॅमेरा पुन्हा आपल्यापुढे मांडतो, आणि त्या हिशेबात लक्ष घालण्यातच या हौसेचा सारा आनंद आहे.

कोल्हापूरचा उजेड

हा हिशेब शिकण्यास कोल्हापूरसारखे गाव विरळा. पश्चिमाभिमुख अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबरच्या पूर्वार्धात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधिकाळी होणाऱ्या किरणोत्सवात मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याहून वर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात की नाही, हे शेकडो डोळे निरखत असतात. ढग आले की साऱ्यांची निराशा होते. प्रकाशाचा कोन दिवसागणिक बदलतो, ही गोष्ट येथे श्रद्धेच्या निमित्ताने सर्वांना ठाऊक झालेली आहे. कोटितीर्थाच्या परिसरात राहून, तेथील आणि रंकाळ्याचे पाणी वेगवेगळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगवणारे आबालाल रहिमान यांनी तोच धडा चित्रकलेत गिरवला.

म्हणून माझी पहिली शिफारस रंकाळ्याची. संध्यामठाच्या बाजूला सायंकाळी कॅमेरा रोखला असता जुन्या यंत्राची उणीव तात्काळ ध्यानी येते. आकाश राखावे तर मठाचा दगड काळा पडतो, दगड राखावा तर आकाश पांढरेफटक होते, आणि सूर्यच चौकटीत घेतला तर सीसीडीच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या पडद्यावर एक उभी तेजोरेषा ओघळते. अशा वेळी आकाश राखून मठाची केवळ आकृती घेणे शहाणपणाचे असते, कारण काळोखातला तपशील पुढे थोडाबहुत उजळता येतो, मात्र पांढरा होऊन नष्ट झालेला भाग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

दुसरा धडा खासबागेचा. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या या मैदानात कुस्ती टिपताना, कळ दाबणे आणि चित्र निघणे यांत जुन्या लहान कॅमेऱ्यांना लागणारा विलंब जाणवू लागतो. कळ अर्धी दाबून नेम आधीच धरून ठेवावा आणि पैलवान पट काढण्यासाठी झुकतो आहे असे दिसताच ती पुरी दाबावी. ज्याला कुस्ती कळते त्यालाच ही वेळ साधते. तिसरा धडा चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेचा. गुलालाचा गडद रंग लाल नोंदीला इतक्या लवकर काठोकाठ भरतो की सारा पोत नाहीसा होऊन केवळ रंगाचा सपाट डाग उरतो. तेव्हा उजेड थोडा कमीच घ्यावा. तोच गुलाल आत-बाहेर सरकणाऱ्या भिंगाच्या नळीत शिरला तर मात्र कॅमेरा दुसऱ्यांदा, आणि या वेळी सकारण, बडतर्फ होईल. म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला भिंगापुरते भोक ठेवावे.

किती मेगापिक्सेल पुरेत?

२००६ सालचा निकॉन डी ४० सहा मेगापिक्सेलचा, म्हणजे ३००८ गुणिले २००० ठिपक्यांचा आहे. इंचास ३०० ठिपके या छपाईच्या प्रतिष्ठित मापाने त्यातून सुमारे १० इंच लांब व साडेसहा इंच रुंद असा निर्दोष छाप निघतो. आणि फुल एचडी पडद्याला तर अवघे दोन मेगापिक्सेल लागतात. भिंतीवर लावण्याजोगे चित्र त्या यंत्रातून निघते, हे त्याच्या बडतर्फीच्या वेळी कोणी विचारात घेतले नाही. सूक्ष्म भाग कापून मोठा करण्याची मुभा मात्र त्यात अत्यल्प, म्हणून चौकट घेतानाच ठरवावी लागते.

व्यवहाराच्या चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. २००६ पूर्वीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना दोन जीबीहून मोठे एसडी कार्ड ओळखता येत नाही, तर काहींना सीएफ, मेमरी स्टिक किंवा एक्सडी अशी आता दुर्मीळ झालेली कार्डे लागतात. खास बनावटीची बॅटरी फुगलेली असल्यास ती वापरू नये. कॅननच्या पॉवरशॉट ‘ए’ मालिकेतील अनेक कॅमेरे साध्या पेन्सिल सेलवर चालतात, ही त्या दृष्टीने मोठी सोय. २००५ साली उघडकीस आले की सोनीच्या काही सीसीडी पट्टिकांतील जोडण्या उष्ण व दमट हवेत निकामी होतात, आणि त्या पट्टिका अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होत्या. तेव्हा विकत घेण्यापूर्वी चित्रात जांभळट रेघा उमटत नाहीत ना, हे पाहावे. शेवटची गोष्ट आपल्या पावसाची. आषाढ-श्रावणात भिंगावर बुरशी धरते, यास्तव कॅमेरा कातडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

या हौसेने बाजाराचे लक्ष वेधले असल्यामुळे, कालपर्यंत भंगाराच्या मोलाने जाणारे काही जिन्नस आज चढ्या भावाने विकले जात आहेत. आणि बाजाराच्या ज्या हुकुमाने हे कॅमेरे कपाटात गेले, त्याच बाजाराच्या सांगण्यावरून ते दामदुपटीने परत विकत घेणे म्हणजे एका ताबेदारीतून सुटून दुसरीत शिरणे होय. प्रथम स्वतःचे किंवा मामा-आत्याचे कपाट उघडावे, सापडलेल्या कॅमेऱ्यातील कार्ड तपासावे, त्यावरची जुनी छायाचित्रे संगणकावर उतरवून घ्यावीत, कारण तेथे कदाचित घरातील एखाद्या दिवंगत माणसाचे अन्यत्र नसलेले चित्र असू शकेल, आणि मगच ते कार्ड रिकामे करून कॅमेऱ्याला नव्या कामावर रुजू करावे.