राग दिसतो, जखम दिसत नाही

आपल्या वस्तीत असा एखादा तरी मुलगा असतो. पंधरा-सोळा वर्षांचा. क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो, आईच्या अंगावर धावून जातो आणि तासाभराने तिच्याच मांडीवर डोके ठेवून रडतो. आपण म्हणतो, "दोन रट्टे द्या, सरळ होईल." पण रट्टे तर त्याने लहानपणापासूनच खाल्लेले असतात.

बापाची दारू, मारहाण, लैंगिक अत्याचार, शाळेत जातीवरून झालेला अपमान. अशा धास्तीत वाढलेल्या मुलाचे मन सतत धोक्याच्या तयारीत राहते. साधा टोमणाही त्याला हल्ला वाटतो. १९९८ साली अमेरिकेतील फेलिटी व अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की बालपणीचे आघात जितके अधिक, तितका पुढे व्यसन, नैराश्य व आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका अधिक.

काही मुलामुलींत आणखी खुणा दिसतात. जवळचे माणूस सोडून जाईल ही भीती, आज जिवलग तर उद्या वैरी, आत सतत रितेपण, हातावर ब्लेडचे वार. मानसोपचारतज्ज्ञ यांना 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी'ची लक्षणे म्हणतात. मात्र दोन-चार भांडणांवरून हा शिक्का मारू नये. अठराच्या आत निदान करायचे, तर लक्षणे किमान वर्षभर टिकलेली असावी लागतात. शिवाय आघात सोसलेल्या प्रत्येकाला हा त्रास होतोच असे नाही.

यावर उपचार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी 'डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी' विकसित केली. आपणही तरुणपणी अशाच यातना भोगल्या, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. या उपचारात भावनेची लाट ओळखणे, तिच्यात वाहून न जाणे आणि आपले म्हणणे नीट मांडणे शिकवतात.

घरी आपण काय करावे? राग चढलेला असताना वाद घालू नये. तो शांत झाल्यावर सांगावे, "तुला त्रास झाला, हे कळतंय. पण हात उचललेला चालणार नाही." ही दोन्ही वाक्ये सोबतच हवीत. मुलावर अत्याचार सुरू असेल तर १०९८ वर कळवावे. मरणाची भाषा किंवा अंगावरचे वार 'नाटक' समजू नयेत; टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही जावे.

पोरांना शिकवण्यासाठी आपण पोटाला चिमटा घेतो. त्यांच्या मनावर इलाज करायला मग लाजायचे कशाला?