बादलीतला रंग फसवतो

पॉटरी स्टुडिओच्या कोपऱ्यात दोन बादल्या. दोन्हींत करडी स्लिप, म्हणजे पाण्यात कालवून गाळलेली पातळ माती. वरची चिठ्ठी भिजून पुसली गेली की अनुभवी हातही अडखळतो. कारण ओल्या मातीचा रंग भरवशाचा नसतो.

काही मातींचा करडेपणा त्यातल्या सेंद्रिय कार्बनचा असतो. तो भट्टीत जळून जातो आणि भांडे पांढरट निघते. लोहाचे प्रमाण जास्त असलेली करडी माती मात्र भरपूर हवेत भाजली की लाल होते. नाशिक आणि संगमनेरजवळच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्यात सापडलेल्या, लाल अंगावर काळी नक्षी असलेल्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांचा लाल रंगही लोहाचाच.

ओळख पटवायला तीन सोप्या चाचण्या पुरतात. पहिली वजनाची: दोन्ही स्लिप नीट ढवळून प्रत्येकी १०० मिलिलिटर मोजून घ्यावी आणि वजन करावे. फरक आला तर पाण्याचे प्रमाण तरी वेगळे आहे, हे कळते. दुसरी आकसण्याची: घट्ट झालेल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून ती वाळल्यावर पुन्हा मोजावी. नाशिक परिसरातली काळी माती फार आकसते. तिची स्लिप कमी आकसणाऱ्या भांड्यावर लावली तर तडकते, सोलते. तिसरी आणि खरी परीक्षा भट्टीची: दोन्हींचे छोटे तुकडे नेहमीच्या तापमानाला भाजावेत. मात्र तुकड्यांखाली जुनी खापरी ठेवावी. साध्या लाल मातीला साधारण १,००० ते १,१०० अंश सेल्सिअस पुरतात. तीच माती स्टोनवेअरच्या १,२५० अंशांच्या भट्टीत गेली तर फुगते, वितळते आणि फळीला चिकटते.

प्रश्न केवळ भांड्याचा नाही. काळ्या रंगाच्या काही स्लिपमध्ये मँगनीज डायऑक्साइड असते. भाजताना निघणारा त्याचा धूर वारंवार श्वासात गेल्यास मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. म्हणून अनोळखी बादलीची चाचणी खेळती हवा असलेल्या जागीच घ्यावी. चव घेऊन तर मुळीच पाहू नये. सांडलेली स्लिप वाळली की तिच्या धुळीतली सूक्ष्म सिलिका फुप्फुसात जाते. वर्षानुवर्षे ती जात राहिली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे बादलीवर, झाकणावर नव्हे, पक्क्या शाईने नाव, तारीख आणि भाजण्याचे तापमान लिहावे. झाकणे बदलतात. भाजलेला एक तुकडा कडीला बांधून ठेवला की चिठ्ठी पुसली तरी ओळख राहते.