१४ हजार टाक्यांची गोधडी : ऊब येते कुठून, आणि नवी गोधडी शिवणार कोण?

घटस्थापना आठ-दहा दिवसांवर आली की तुळजापूर तालुक्यातल्या गावांत घरातले सगळे अंथरूण-पांघरूण बाहेर निघते. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे तामलवाडीही त्यातलेच. बोअरच्या पाइपाखाली, विहिरीच्या कडेला गोधड्या आपटल्या जातात आणि मग कुंपणावर, गच्चीच्या कठड्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाळत पडतात. याच सुमारास तुळजापुरात भवानीमाता मंचकी निद्रेला जाते आणि त्याआधी देवीच्या गाद्यांचा कापूस पिंजून घेतला जातो. देवीचे अंथरूण नवे होते, घरोघरी जुने धुतले जाते.

वर्षभरात घरातल्या सगळ्या गोधड्या एकत्र दिसतात त्या या दिवसांतच. कोणती आजीच्या इरकलीची, कोणती आत्याच्या लग्नातल्या लुगड्याची, हे सांगणारे माणूस बहुतेक घरांत असते. पण ओळ नीट पाहिली तर त्यात गोधड्यांच्या बरोबरीने, कधी जास्तच, फुलाफुलांची मिंक ब्लँकेट असतात. आणि ज्या गोधड्या असतात त्यातल्या बऱ्याच जुन्या असतात.

दुसरीकडे मोबाइलवर क्रोशाचे, लोकरीचे, 'हँडमेड' गोधड्यांचे रील्स भरपूर पाहिले जातात. मग नवी गोधडी घरात का शिवली जात नाही? ती ऊब देते तरी कशी? आणि रोजच्या धावपळीत सुई-दोरा हातात घेण्यात खरेच काही अर्थ आहे का? समजून घेऊया.

गोधडी म्हणजे नेमके काय?

कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. लहान बाळाची असेल तर दुपटे. वस्तू एकच : जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक पसरायचे, खाली-वर धड कापड घ्यायचे, मधे फाटकी लुगडी, धोतरे, सदऱ्यांचे तुकडे भरायचे आणि सगळे धावदोऱ्याने शिवून एकजीव करायचे.

शिवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. सारवलेल्या किंवा झाडलेल्या जमिनीवर थर पसरतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि आधी लांब लांब कच्चे टाके मारून घेतात. मग पक्का टाका कडेने सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत आत सरकतो. कच्चा टाका चुकला तर थर आत ढकलले जातात आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो फुगा मग गोधडी संपेपर्यंत जात नाही. म्हणून पसरणे आणि ताणणे हे काम घरातल्या अनुभवी बाईकडे असते, टाके घालायला मात्र कोणीही बसते.

आपल्याकडून खाली उतरले की कर्नाटकात हीच वस्तू कौदी होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही कडेकडून आत येत शिवतात आणि चारही कोपऱ्यांत कापडाची घडी घातलेली 'फुले' लावतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी हेही याच कुळातले. जिथे सुती कापड भरपूर आणि पैसा बेताचा, तिथे हे काम उभे राहिले असे म्हणायला हरकत नाही.

ऊब कापडाची की हवेची?

उत्तर : मुख्यतः हवेची. पांघरूण स्वतः उष्णता तयार करत नाही. ती आपल्या अंगाची असते, पांघरूण फक्त तिला बाहेर जाऊ देत नाही. स्थिर हवा उष्णतेची वाईट वाहक आहे, कापसाच्या तंतूपेक्षाही वाईट. गोधडीत पाच-सहा थर असतील तर त्यांच्या मधल्या फटीत आणि तंतूंमध्ये हवा अडकून बसते. म्हणून तेवढ्याच वजनाच्या एका जाड कापडापेक्षा पातळ थरांची गोधडी उबदार वाटते.

टाक्यांचे काम इथे दुहेरी आहे. ते थर सरकू देत नाहीत, पण फार दाट घातले तर कापड दाबून टाकतात आणि हवेची जागाच कमी होते. फार विरळ घातले तर आतल्या चिंध्या धुताना गोळा होतात. जुन्या बायका ओळींमध्ये जे अंतर ठेवतात ते या दोन्हींच्या मधले असते. आणखी एक गोष्ट : आतले कापड आधीच विरलेले असते. ते एका जागी फाटले तरी फाटणे पुढच्या टाक्याच्या ओळीशी अडते, कारण ताण एका धाग्यावर न राहता शेकडो टाक्यांत वाटला जातो. ज्या लुगड्याचे आता काहीच होऊ शकत नव्हते ते यामुळे आणखी कित्येक वर्षे चालते.

एका गोधडीला किती वेळ लागतो?

सरळ गणित करून पाहू. सहा फूट बाय चार फूट गोधडी. ओळींमधले अंतर अर्धा इंच धरले तर सगळ्या ओळींची मिळून लांबी होते ६,९१२ इंच, म्हणजे साधारण १७५ मीटर. एक टाका आणि त्याच्या पुढची मोकळी जागा मिळून अर्धा इंच धरा. टाके झाले १३,८२४. जाड थरांतून सुई काढायची आहे, म्हणून मिनिटाला दहा टाके धरले तर २३ तास लागतात. कापड धुणे, फाडणे, जुळवणे, पसरणे यात धरलेलेच नाही.

२३ तास म्हणजे आठ तासांचे जवळपास तीन दिवस. तुमच्या गावात खुरपणीची जी हजेरी चालू असेल तिला तीनने गुणा, की एका गोधडीची निव्वळ मजुरी निघेल. बाजारात मिळणाऱ्या ब्लँकेटशी ती ताडून पाहा. गोधडी 'फुकटात' होते असे आपण म्हणतो तेव्हा हा आकडा कोणाच्या तरी दुपारींमध्ये लपलेला असतो. पूर्वी तो कोणी मोजला नाही. आजची सून-मुलगी शेतमजुरीला, बचत गटाच्या कामाला किंवा सोलापुरात नोकरीला जाते, तिला तो मोजावाच लागतो. गोधडी मागे पडली ती आळसामुळे नाही, एवढे या गणितावरून दिसते.

पॉलिस्टरच्या साडीची गोधडी का जमत नाही?

वेळ हे एक कारण. दुसरे कारण कपाटात आहे : सुती लुगडीच उरलेली नाहीत.

हा भाग कापडाचा आहे, तोही फार जुना. जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून साधे कापड आणि मलमल गाड्यांमधून भडोच बंदरात जात असल्याची नोंद आहे. तामलवाडीहून जवळच्या सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढे तिथली चादर इतकी नावाजली की तिला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे गोधडीला लागणारे सुती कापड इथल्या घरांत कायम येत राहिले.

आता रोजच्या वापरात बहुतांश सिंथेटिक साड्या आहेत. त्या धुवायला सोप्या, लवकर वाळतात, वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून बायकांनी त्या निवडल्या आणि त्यात गैर काही नाही. पण गोधडीत त्या त्रास देतात. कापूस हवेतून स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरू शकतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सिंथेटिक गोधडीत रात्री घाम येतो, तो जिरत नाही आणि पहाटे तेच अंग गार पडते. शिवताना थर एकमेकांवरून घसरतात ते वेगळेच. आणि ठिणगी पडली तर कापूस जळतो, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. चुलीजवळ झोपणाऱ्या घरात ही गोष्ट लक्षात ठेवावी.

उपाय? अगदीच सिंथेटिक वापरायचे असेल तर ते मधल्या थरांत घ्या आणि अंगाला लागणारी बाजू सुती ठेवा. जुन्या चादरी, पंचे, बनियन, सुती ओढण्या, मुलांचे जुने सुती गणवेश हे सगळे चालते.

दोन सुयांचे विणकाम वेगळे कसे?

मराठीत मागावरची चादरही 'विणतात' आणि दोन सुयांवरचा स्वेटरही 'विणतात'. काम मात्र पूर्ण वेगळे. चादरीत उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंफलेले असतात, म्हणून ती फारशी ताणली जात नाही. स्वेटरमध्ये एकच धागा फाशांमागून फासे घालत जातो. ताण आला की फासा आकार बदलतो, सोडला की परत येतो. म्हणून कानटोपी घट्ट बसते आणि म्हणूनच एक टोक ओढले की अख्खा स्वेटर उसवतो.

पूर्वी घरांनी या दोषाचाच उपयोग केला. मुलगा वाढला, स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा, लोकरीची लडी करायची, धुऊन वजन बांधून वाळत टाकायची म्हणजे धाग्यातले वेढे सरळ होतात, आणि दुसऱ्या रंगाची भर घालून पुन्हा विणायचा. लडीचा गुंडा करताना दोन्ही हात पुढे करून बसण्याचे काम बहुतेक घरातल्या पोरांकडे असे. क्रोशाचे तसेच : साखळी आणि खांब एवढे दोन टाके आले की रुमाल, तोरण, रुखवतातली पोपटाची जोडी, सगळे त्यातूनच निघते. मराठवाड्यात थंडी थोडकी, त्यामुळे इथे लोकर अंगापेक्षा दारावर आणि रुखवतात जास्त दिसली.

हे सगळे बायकांचेच काम, असा समज असेल तर तो अर्धवट आहे. बाज विणणे, घायपाताच्या वाखाचे आणि अंबाडीचे दोर वळणे, पोळ्यासाठी बैलांचे गोंडे करणे ही कामे पुरुषांचीच होती. बैल कमी झाले, नायलॉनचा दोर आला आणि पुरुषांच्या हातातले हे काम बायकांच्या हातातल्या गोधडीच्याही आधी सुटले. त्याची हळहळ मात्र कोणी करताना दिसत नाही.

मन शांत होते, हे खरे आहे का?

२०१३ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. जगभरातल्या ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरे दिली होती. जे वरचेवर विणतात त्यांनी आपल्याला शांत आणि आनंदी वाटते असे जास्त प्रमाणात सांगितले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७० ते ८९ वयाच्या १,३२१ जणांचा अभ्यास मांडला. वाचन, खेळ आणि विणकाम-गोधडीकाम यांसारखे हातकाम करणाऱ्यांमध्ये स्मरणशक्तीची सौम्य घसरण कमी आढळली.

इथे सावध राहायला हवे. पहिल्या पाहणीत विणणाऱ्यांनाच विचारले होते, ज्यांना ते आवडले नाही ते आधीच बाजूला झाले. दुसऱ्यात हातकामामुळे स्मरणशक्ती टिकली की स्मरणशक्ती शाबूत असलेलेच हातकाम करत होते, हे ठरवता येत नाही. त्यामुळे 'गोधडी शिवा, विसराळूपणा घालवा' अशा फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका. एवढे मात्र कोणालाही करून पाहता येईल की धावदोरा घालताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि त्या वेळात मोबाइल उचलता येत नाही.

सुरुवात कशी करावी?

थेट मोठ्या गोधडीला हात घालू नका, ती बहुधा माळ्यावर अर्धवट पडते. दुपटे घ्या. अडीच फूट बाय अडीच फूट, तीन थर, सुती. वरच्याच हिशेबाने टाके होतात साडेतीन हजार. थर पातळ असल्याने सुई लवकर निघते आणि रोज अर्धा तास दिला तर दहा-बारा दिवसांत काम उरकते. नवे कापड घेतले तर ते आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून सुरकुत्या पडतात. गाठ आतल्या थरात लपवा, बाळाच्या कातडीला टोचते. दुपटे मांडीवर घेताना, अंगाखाली घालताना ठीक. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या तोंडावर ते येणार नाही हे पाहावे. घरात आजी असेल तर पसरण्याचे आणि ताणण्याचे काम तिच्याकडून शिकून घ्या, व्हिडीओत ते नीट दिसत नाही.

धुण्याबाबत एक सूचना. ओली गोधडी एकट्या माणसाला उचलवत नाही इतकी जड होते. नवरात्राआधी तलाव, बंधारा, खाणीच्या पाण्यावर गोधड्या धुवायला गेलेल्यांच्या बुडाल्याच्या बातम्या राज्यात वरचेवर येतात. एकटे जाऊ नका, लहान मुलांना नेऊ नका, शक्य असेल तर घरीच नळाखाली धुवा.

आणि विकत घेणार असाल तर? गोधडी उलटी करून पाहा. हाताच्या धावदोऱ्यात टाका, मोकळी जागा, पुन्हा टाका असे दोन्ही बाजूंनी दिसते आणि ओळ थोडी वाकडी असते. मशीनची शिलाई दोन्ही बाजूंना सलग रेघ काढते. मशीनची गोधडी वाईट नसते, पण तिची किंमत हाताच्या गोधडीची नसावी. हाताचीच असेल तर विकणाऱ्याला विचारा, शिवणाऱ्या बाईला यातले किती मिळाले. २३ तासांचा हिशेब आता तुमच्याकडे आहे.