संविदा

संविदा : विधीने अंमलात आणता येण्याजोगा करार. भारतातील यासंबंधीचा विधी मुख्यत्वे १ सप्टेंबर १८७२ रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविदा अधिनियमात ग्रथित केलेला आहे. मालविक्री व भागीदारी यांविषयीची प्रकरणे अनुक्रमे १९३० व १९३२ साली त्यातून वगळून त्यांसाठी स्वतंत्र अधिनियम करण्यात आले.

एखादी गोष्ट करण्याची वा न करण्याची तयारी दुसऱ्याची संमती मिळविण्याच्या हेतूने त्यास कळविणे म्हणजे प्रस्थापना. तिला होकार मिळाला, की स्वीकृती होऊन प्रस्थापनेचे वचन बनते. वचनाच्या मोबदल्यास प्रतिफल म्हणतात. उमरेडच्या शेतकऱ्याने नागपूरच्या व्यापाऱ्यास दहा क्विंटल मिरची ठराविक भावाने देऊ केली व त्याने ती मान्य केली, तर माल देण्याचे व किंमत देण्याचे अशी दोन्ही वचने एकमेकांची प्रतिफले ठरतात. ‘भाव उतरविल्यास घेतो’ हे उत्तर मात्र स्वीकृती नसून प्रतिप्रस्थापना होय. कारण स्वीकृती बिनशर्त असावी लागते.

प्रत्येक करार ही संविदा नव्हे. त्यासाठी पक्षकार सक्षम, संमती मुक्त आणि प्रतिफल व उद्देश विधिसंमत असावे लागतात. अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार शून्य असतो, असे प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात (१९०३) ठरविले. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट किंवा मिथ्यानिवेदन यांमुळे संमती दिली गेल्यास संविदा शून्यकरणीय होते. म्हणजे ती पाळावी की टाळावी, हे बाधित पक्षकाराच्या इच्छेवर राहते. विधीने लेख आवश्यक केला नसेल, तेथे तोंडी संविदाही बंधनकारक असते. संविदाभंग झाल्यास त्यातून स्वाभाविकपणे उद्‌भवणाऱ्या हानीची भरपाई मिळते. दूरान्वयाने होणाऱ्या हानीची मिळत नाही.

पक्षकार दूर असतील, तर संविदा केव्हा व कोठे पूर्ण झाली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कारण दाव्याचे कारण अंशतः जेथे उद्‌भवते, तेथील न्यायालयातही दावा लावता येतो. स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच प्रस्थापक बांधला जातो व संविदा तेथेच पूर्ण होते. दूरध्वनीबाबत हा प्रश्न विदर्भातील एका व्यवहारातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अहमदाबादच्या एका पेढीने १९५९ साली खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी ऑइल मिल्सकडे दूरध्वनीवरून सरकीची पेंड मागितली व गिरणीने खामगावहून होकार दिला. पुढे माल न मिळाल्याचे सांगून पेढीने अहमदाबादेत दावा लावला. दूरध्वनीवरील स्वीकृती जेथे ऐकली जाते, तेथे संविदा होते. म्हणून अहमदाबादच्या न्यायालयास अधिकारिता आहे, असा निर्णय न्यायालयाने १९६५ साली बहुमताने दिला. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती मुहम्मद हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदविले. अधिनियमातील शब्दांनुसार खामगावहून होकार उच्चारला जाताच संविदा तेथे पूर्ण झाली, असे त्यांचे मत होते.

या निर्णयामुळे परगावच्या व्यापाऱ्याची प्रस्थापना दूरध्वनीवरून स्वीकारणाऱ्या उमरेडच्या शेतकऱ्यावर व्यापाऱ्याच्या गावीही दावा होऊ शकतो. एकाहून अधिक न्यायालयांना अधिकारिता असल्यास त्यांपैकी एक निश्चित करणारी अट करारात घालता येते. अशी अट लेखी करून ठेवणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते.