तहान भागते, भूक उरते

झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी कोरड्या ऋतूच्या अखेरीस एक पौर्णिमा जागून काढली जाते. स्वयंसेवक पाणवठ्यांजवळ गाड्या लावून बसतात आणि चोवीस तासांत पाण्यावर कोणता प्राणी आला, किती आले, याची नोंद ठेवतात. ताडोब्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. सगळं रान तहानलेलं, वर लख्ख चांदणं आणि खाली उरलंसुरलं पाणी. ह्वांगेत मात्र हे उरलेलं पाणी बहुतेक ठिकाणी आभाळाचं नसतं, ते बोअरचं असतं.

ह्वांगेचं क्षेत्रफळ सुमारे १४,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढं. पाऊसही वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास, तोही नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांतच. उद्यानाचा मोठा भाग कालाहारीच्या वाळूवर वसला आहे. पडलेलं पाणी वाळू पिऊन टाकते आणि बारमाही नदी तिथे नाही. पावसाळ्यात सखल जागी उथळ तळी साचतात. त्यांना तिकडे ‘पॅन’ म्हणतात. हत्ती त्यात लोळतात, अंगावर चिखल घेऊन जातात आणि पॅन दरवर्षी थोडं खोल करतात. पण पाऊस सरला की महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा तळ उघडा पडतो. पूर्वी अशा वेळी हत्तींचे कळप पश्चिमेकडे, आजच्या बोत्सवानात, किंवा नद्यांच्या दिशेने निघून जात.

१९२८ मध्ये इथे अभयारण्य घोषित झालं आणि टेड डेव्हिसन त्याचे पहिले वॉर्डन झाले. तेव्हा इथले हत्ती हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. प्राणी बारा महिने टिकावेत म्हणून १९३० च्या दशकात बोअर घेऊन पॅनमध्ये पाणी सोडायला सुरुवात झाली. पवनचक्क्या आल्या, डिझेल इंजिनं आली, आता सौर पंप आले आहेत. आज शंभराच्या आसपास बोअर आहेत आणि हत्तींची संख्या ४५ हजारांच्या घरात सांगितली जाते.

आता थोडा हिशेब करू. मोठा हत्ती दिवसाला १०० ते २०० लिटर पाणी पितो. सरासरी १५० धरली तर ४५ हजार हत्तींना रोज साडेसदुसष्ट लाख लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ६७५ टँकर. यात म्हशी, झेब्रे, जिराफ धरलेले नाहीत. उन्हाने उडून जाणारं आणि वाळूत मुरणारं पाणीही वेगळंच. सौर पंपाने डिझेलचा खर्च वाचला, पण तो चालतो दिवसा आणि हत्तींची गर्दी होते संध्याकाळनंतर. त्यांना गढूळ पाण्यापेक्षा ताजं पाणी आवडतं, त्यामुळे पाइपाच्या तोंडाशी थोरले हत्ती जागा अडवतात. पिल्लांच्या वाट्याला मागचं चिखलपाणी येतं.

एवढं करूनही २०१९ च्या दुष्काळात दोन महिन्यांत झिम्बाब्वेत २०० हून अधिक हत्ती मेले, त्यातले बरेचसे ह्वांगेत. २०२३ मध्ये एल निनोमुळे पाऊस लांबला आणि ह्वांगेत पुन्हा किमान १०० हत्ती गेले. बातम्या वाचून कुणालाही वाटेल, आणखी पन्नास बोअर का घेत नाहीत? करुणेच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. पर्यावरणशास्त्राचं उत्तर मात्र वेगळं आहे आणि ते आफ्रिकेला फार महाग पडून मिळालं.

१९७० आणि ७१ साली केनियातल्या त्साव्हो उद्यानात पाऊस हुलकावण्या देत राहिला आणि सुमारे सहा हजार हत्ती मेले. यात माद्या आणि पिल्लं अधिक होती. त्साव्होतून गालाना ही वाहती नदी जाते आणि मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले ते तिच्या आसपासच्या पट्ट्यातच. म्हणजे पाणी होतं, चारा नव्हता. नर एकटेदुकटे दूरवर जाऊन चरून येऊ शकत होते. पिल्लू पायाशी असलेल्या मादीला पाण्यापासून फार लांब जाता येत नव्हतं, आणि जवळची झाडंझुडपं तर केव्हाच ओरबाडून झाली होती. हे हत्ती तहानेने नव्हे, भुकेने गेले.

यामागची भूमिती सोपी आहे. पाण्यावर अवलंबून असलेला प्राणी पाणी पिऊन चरायला जातो आणि परत येतो. त्यामुळे प्रत्येक पाणवठ्याभोवती चराईचं एक वर्तुळ तयार होतं: मध्यभागी तुडवलेली उघडी माती, मग खुरटी झुडपं, आणि कडेला बऱ्यापैकी गवत. त्रिज्या पाच किलोमीटर असेल तर वर्तुळात ७८ चौरस किलोमीटर रान येतं, दहा असेल तर ३१४. या वर्तुळांच्या बाहेर जे रान उरतं, ती जंगलाची राखीव गंजी. बऱ्या वर्षांत तिथे फारसं कुणी पोहोचत नाही, म्हणून वाईट वर्षी ती कामाला येते. पाणवठे वाढवले की वर्तुळं एकमेकांना भिडतात. चांगल्या वर्षांत कळप वाढतात, गंजी आधीच संपते, आणि दुष्काळ येतो तेव्हा खाणारी तोंडं दुप्पट असतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानाने याचा आणखी एक पदर पाहिला. १९६१ च्या सुमाराला पश्चिम सीमेवर कुंपण आलं आणि प्राण्यांच्या हंगामी वाटा तुटल्या. त्याची भरपाई म्हणून बोअर आणि बंधारे वाढत गेले. बोअरची संख्या तीनशेच्या वर गेली. उद्यानाच्या कोरड्या उत्तर भागात रोन नावाचं दुर्मीळ मोठं हरीण राहतं. घोड्यासारखा बांधा, मागे वळलेली शिंगं. त्याला उंच गवत हवं असतं आणि गर्दी नको असते. नव्या पाण्याने तिथे झेब्र्यांचे कळप आणले, झेब्र्यांमागोमाग सिंह आले. त्यातच दुष्काळ पडले. १९८६ मध्ये सुमारे ४५० असलेले रोन १९९३ मध्ये ४५ च्या आसपास उरले. पाणी सर्वांसाठी सोडलं होतं, पण जे कमी पाण्यावर निभावत होते त्यांचाच आसरा त्याने काढून घेतला.

त्यानंतर क्रूगरने उलटी वाट धरली. निम्म्याहून अधिक कृत्रिम पाणवठे टप्प्याटप्प्याने बंद केले, काही बंधारेही फोडले. रोन मात्र लगेच सावरले नाहीत. एकदा विस्कटलेली घडी तोटी बंद केल्याने बसत नाही.

ह्वांगेला हा मार्ग तसाच्या तसा पेलणारा नाही. तिथे बारमाही नद्या नाहीत, आणि तीन पिढ्यांपासून पंपाच्या भरवशावर वाढलेल्या हत्तींचं पाणी एका हंगामात तोडणं म्हणजे त्यांना मारणंच. म्हणून तिथे दुसरा उपाय महत्त्वाचा ठरतो: वाटा मोकळ्या ठेवणं. अंगोला, बोत्सवाना, नामिबिया, झांबिया आणि झिम्बाब्वे या पाच देशांनी २०११ मध्ये करार करून सुमारे ५ लाख २० हजार चौरस किलोमीटरचा सामायिक संवर्धन प्रदेश उभा केला. ह्वांगे त्यात आहे. हत्ती पाण्यामागे चालत जाऊ शकला, तर त्याने मागे सोडलेलं रान पुन्हा फुटतं. पंपाला हे साधत नाही, कारण पंप हत्तीला जागेवर धरून ठेवतो.

विदर्भातल्या जंगलांतही आता सिमेंटचे पाणवठे, सौर बोअर आणि टँकर दिसतात. उन्हाळ्यात त्यासाठी वर्गणीही निघते, आणि ती देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आपली जंगलं ह्वांगेहून वेगळी आहेत, तरी वर्तुळाचा नियम चितळ-सांबरालाही लागू आहे. म्हणून पुढची वर्गणी देण्यापूर्वी वनाधिकाऱ्याला एवढं जरूर विचारा: या पाणवठ्याभोवती मे महिन्यात चारा किती उरतो, आणि इथून जवळचा दुसरा पाणवठा किती अंतरावर आहे?